कंपनी निपाणीची, गोडाऊन कागलला: काय लागतं, काय नाही

आमच्याकडं येणारे निपाणी, बेळगाव, गोव्याकडचे बहुतेक ग्राहक पहिलं हेच विचारतात, की कोल्हापूरकडं धंदा करायचा तर इथं नवी कंपनी काढायला लागते का. नाही लागत. कंपनी कायदा अख्ख्या देशाला एकच, त्यामुळे कर्नाटकात रजिस्टर झालेली तुमची कंपनी त्याच पॅनवर इथं माल विकू शकते, जागा भाड्यानं घेऊ शकते, उधारी बुडवणाऱ्यावर इथल्या कोर्टात दावाही लावू शकते. नव्या कंपनीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

घोळ होतो तो जीएसटीत. निपाणीतनं थेट कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला माल पाठवताय तर तुमच्या २९ ने सुरू होणाऱ्या कर्नाटकच्या जीएसटी नंबरवर आयजीएसटी (एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावरचा जीएसटी) लावून बिल फाडा, झालं. पण कागलला गोडाऊन घेऊन तिथनं विक्री सुरू केली की महाराष्ट्राचा २७ ने सुरू होणारा नंबर घ्यावाच लागतो, आणि मग निपाणीहून कागलला स्वतःचाच माल हलवला तरी टॅक्स इनव्हॉइस करायचं, कारण जीएसटीच्या लेखी हे दोन नंबर म्हणजे दोन वेगळ्या पार्ट्या. भाड्याचं बिलपण २७ वरच घ्या, २९ वर घेतलंत तर त्यातल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे तुम्ही भरायच्या टॅक्समधनं मिळणारी वजावट, गेलं म्हणून समजा. नुसता प्रदर्शनात स्टॉल लावायचा असेल तर ९० दिवसांचं कॅज्युअल, म्हणजे तात्पुरतं, रजिस्ट्रेशन मिळतं, मात्र निदान ५ दिवस आधी अर्ज आणि अंदाजे टॅक्स आगाऊ भरायला लागतो.

बाकी प्रोफेशनल टॅक्स आहेच, कंपनीचा वर्षाला २,५०० रुपये, शिवाय इथल्या कामगारांच्या पगारातनं कापून भरायचा तो वेगळा. शॉप अ‍ॅक्टचं माणसांच्या संख्येवर ठरतं, ते आम्ही बघून सांगू. जागेवरचा नावाचा बोर्ड मराठीत, देवनागरीत हवा आणि दुसऱ्या भाषेपेक्षा बारीक अक्षरात नको, यात टाळाटाळ नको.

अजून एक, "आमचं ऑफिस तिकडं आहे, तिकडंच केस करा" असं इथल्या गिऱ्हाइकाला तुम्हाला सुनावता येत नाही. घरच्या वापरासाठी माल घेतलेला माणूस स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो.

येताना पॅन, कंपनीचं सर्टिफिकेट, भाडेकरार, जागेचं लाइट बिल आणि सही कुणी करायची त्याचा कंपनीच्या डायरेक्टर बोर्डाचा ठराव आणा. भाडेकरार कंपनीच्या नावावर करा, डायरेक्टरच्या नको.