बीजगणिताच्या पहिल्या वर्षात घरी काय दिसेल : सहावी ते आठवीच्या पालकांसाठी

पालकहो, नमस्कार.

दरवर्षी पहिली घटक चाचणी झाली की आमच्याकडे फोन सुरू होतात. "सर, पाचवीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी होते हो, आता एकदम काय झालं?" ते फोन यायच्या आधीच उत्तर हातात पडावं म्हणून हे पत्रक. जळगावातला आमचा क्लास लहान आहे, शिकवणारे आम्ही दोघंच, त्यामुळे बहुतेक मुलांच्या वह्या आमच्या डोळ्यांखालून जातात. खाली लिहिलंय ते त्या वह्यांतलंच आहे.

एक खुलासा आधी. पुस्तकात इंग्रजी एक्स, वाय असतात. इथे आम्ही जुन्या वळणाचे क्ष आणि य वापरलेत. गणित तेच.

बरोबरचं चिन्ह

नव्या मुलाला आम्ही पहिल्या दिवशी एवढंच लिहून देतो :

८ + ४ = ☐ + ५

बहुतेक मुलं चौकटीत १२ लिहितात. कुणी १७. थांबून, डोकं खाजवून ७ लिहिणारा एखाददुसरा निघतो. १२ लिहिणारी मुलं कच्ची नसतात. पाच वर्षं त्यांनी '=' ही खूण "आता उत्तर लिही" अशीच वाचलेली असते. बीजगणितात मात्र ती तराजूची दांडी आहे. डावीकडे जेवढं वजन तेवढंच उजवीकडे. सहावीचं अर्धं काम हे एवढं डोक्यात बसवण्याचं आहे आणि त्याला वेळ लागतो.

म्हणूनच वहीत अशी ओळ दिसली की आम्ही मार्क कापतो :

५ + ३ = ८ × २ = १६ − ४ = १२

शेवटचं उत्तर बरोबर आहे, पण ओळ खोटी आहे. पाच अधिक तीन म्हणजे बारा, असा तिचा अर्थ होतो. "उत्तर आलंय ना, मग मार्क का कापले?" हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. आमच्या चाचणीत चार मार्कांच्या गणितात उत्तराला एक मार्क आणि मांडणीला तीन असतात. याबाबतीत आम्ही हट्टी आहोत.

घरी शिकवणाऱ्यांना एक विनंती. "इकडचं तिकडे गेलं की चिन्ह बदलतं" ही युक्ती दिवाळीपर्यंत सांगू नका. क्ष + ७ = १५ असेल तर आम्ही दोन्ही पारड्यांतून सात काढायला लावतो. लांबड वाटते, मान्य. पण नुसती युक्ती पाठ केलेलं मूल ३क्ष = १२ दिसताच ३ उचलून पलीकडे नेतं, चिन्ह बदलतं आणि क्ष = ९ लिहून मोकळं होतं.

कुठल्या वर्षी काय

सहावीत पूर्णांक संख्या आणि साधी समीकरणं. सातवीत बैजिक राशी, त्यांची बेरीज-वजाबाकी-गुणाकार आणि वर्गाचा विस्तार. आठवीत विस्तार सूत्रे, अवयव, चलन (एक संख्या बदलली की दुसरी कशी बदलते ते), बहुपदींचा भागाकार, एकचल समीकरणे. नववीपासून गणिताचे दोन भाग होतात आणि दहावीला बीजगणिताचा ४० मार्कांचा स्वतंत्र पेपर असतो. आठवी जड जाते ती सातवी निसटल्यामुळे, हे लक्षात असू द्या.

"पण मला तोंडी येतंय की!"

तीन डझन केळी आणि दहा रुपयांची पिशवी मिळून १६० रुपये झाले, तर डझनाचा भाव काय? आमची पोरं केळीच्या जिल्ह्यातली, ५० हे उत्तर तोंडावर फेकतात. मग विचारतात, "यात क्ष कशाला घुसडायचा?" प्रश्न रास्त आहे. या गणिताला क्षची गरज नाहीच, आणि आम्ही तसं कबूलही करतो. मग पुढचं गणित घालतो.

आईचं आजचं वय मुलाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी ते मुलाच्या दुप्पट होईल. आज मुलगा किती वर्षांचा?

इथे तोंडी हिशेब अडखळतो. मुलगा क्ष वर्षांचा, आई ३क्ष. बारा वर्षांनी क्ष + १२ आणि ३क्ष + १२. म्हणून ३क्ष + १२ = २(क्ष + १२). कंस नीट सोडवला तर उजवीकडे २क्ष + २४ येतं, क्ष = १२, आणि आई ३६ वर्षांची.

गेल्या वर्षी एका मुलीने कंस सोडवताना फक्त क्षला दोनने गुणलं आणि २क्ष + १२ लिहिलं. उत्तर आलं शून्य. पोरगं आजच जन्मलेलं, आणि तिप्पट केलं तर आईसुद्धा आजच जन्मलेली! तिनेच ते वर्गात मोठ्याने वाचलं, स्वतःच हसली आणि चूक शोधून काढली. पडताळा म्हणजे एवढंच : आलेलं उत्तर मूळ गणितात परत घालून बघणं. घरी तुम्हाला बीजगणित येत नसलं तरी "पडताळा घेतलास का?" एवढं विचारता येतं, आणि तेवढं पुष्कळ झालं.

नेहमीच्या चुका

या सगळ्यांच्या होतात. रागावू नका.

क्ष = ४ असताना ३क्ष म्हणजे ३४ लिहिणं. शेजारी लिहिलं म्हणजे गुणाकार, हे नवं असतं, महिन्याभरात जातं.

२क्ष + ३य = ५क्षय. दोन केळी आणि तीन चिकू मिळून पाच 'केळीचिकू' होत नाहीत, हे आम्ही सांगतोच. पण मुलांच्या लक्षात राहतं ते वेगळंच : क्ष आणि य बळंच एकत्र केले की मार्कांना क्षय लागतो. विनोद जुनाच आहे, पण कामाचा आहे.

कंसाबाहेरचं उणे चिन्ह ही खरी डोकेदुखी. १०० − (६० − १०) चं १०० − ६० − १० करून मुलं ३० लिहितात. त्यांना दुकानात न्या. खिशात शंभर, वस्तू साठची, दुकानदाराने दहा सोडले. हातात किती उरले? पन्नास, हे चौथीतलं पोरही सांगेल. वजा करायच्या रकमेतूनच दहा कमी झाले, म्हणून ते आपल्याकडे परत आले. धन आणि ऋण हे शब्द मुळात पैशाचे आणि कर्जाचेच आहेत. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात या दोघांच्या बेरजा-गुणाकारांचे नियम लिहून ठेवले.

आणि सातवीतली पेटंट चूक : (अ + ब)² = अ² + ब². सूत्र शंभरदा लिहायला लावून ती जात नाही. फरशीवर जाते. खडूने सात फरश्या लांब, सात फरश्या रुंद असा चौरस आखा, एकूण ४९. एका कोपऱ्यात ३ × ३ चा चौरस करा, समोरच्या कोपऱ्यात ४ × ४ चा. ९ आणि १६ मिळून २५. उरलेल्या २४ फरश्या कुठे गेल्या? दोन आयत समोर दिसतात, प्रत्येकी ३ × ४. (अ + ब)² = अ² + २अब + ब² या खऱ्या सूत्रातलं २अब ते हेच. हे एकदा गुडघ्यावर बसून केलेलं मूल सहसा विसरत नाही. फरशी पुसायचं मात्र तुमच्याकडे.

अडतं कुठे

बीजगणित येत नाही म्हणून आमच्याकडे आलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं अपूर्णांकांत असतं. समीकरण शेवटपर्यंत बरोबर आणतात आणि २क्ष/३ = ८ पाशी बसकण मारतात. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत "क्लासमध्ये पाचवीचंच चाललंय" अशी तक्रार घरी आली, तर ती खरी आहे. ते मुद्दाम चाललेलं असतं. पाढे तेवढे घरी घ्या, निदान वीसपर्यंत. इथे त्यावर वेळ घालवणं आम्हाला परवडत नाही.

मोबाईलवर गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर येतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. गणित सोडवून झाल्यावर ताळा बघायला वापरलं तर हरकत नाही. आधी वापरलं तर वही इतकी स्वच्छ दिसते की तीच चुगली करते. खाडाखोड असलेली वही आम्हाला आवडते, म्हणून खोडरबरही वापरू देत नाही. चुकलेल्या ओळीवर एक रेघ मारायची आणि पुढे जायचं.

"अक्षरांचं गणित हे इंग्रजांनी आणलेलं खूळ" असं एक आजोबा आम्हाला म्हणाले होते. तसं नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत बीजगणित हा एक भागच आहे. त्यात अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं आहेत आणि लिहिताना त्यांची पहिली अक्षरं घेतात : या, का, नी, पी. पहिला सोडला तर बाकीचे रंग आहेत, काळा, निळा, पिवळा. आपल्याच जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचं त्यात नोंदलंय. खानदेशातला गणिताचा क्लास तो असा जुना.

आमच्याकडची पद्धत

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सव्वा तास. एका तुकडीत १४ मुलं, पंधरावं घेत नाही. रोज गृहपाठाला पाचच गणितं. पन्नास द्या म्हणून आग्रह करू नका. शनिवारी वीस मार्कांची चाचणी, तिचे मार्क पालकांच्या ग्रुपवर टाकत नाही, तपासलेली वही मुलासोबत घरी येते. पहिल्या सहामाहीत मार्क दहा-पंधराने उतरले तर दिवाळीपर्यंत थांबा. त्यानंतरही मूल '=' च्या दोन्ही बाजू सांगू शकत नसेल, तर आम्हीच तुम्हाला बोलावू.

फी दोन हप्त्यांत चालते. एक महिना बसून पटलं नाही तर पुढच्या महिन्यांची परत मिळेल. पालकसभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला असते. येताना वही आणा, प्रगतिपुस्तक राहू द्या घरी.