हौदा रिकामा, पण गाडी भरलेली

पुढे जाड पोलादी बंपर, त्यात बसवलेलं विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), टपावर कॅरिअर आणि त्यावर घडीचा तंबू, हौद्यावर कॅनॉपी, म्हणजे तो झाकणारं टप. आडवाटांसाठी अशी सजवलेली पिकअप पाहिली की ती वाट्टेल तेवढं ओझं वाहील असं वाटतं. पण हौद्यात एक पिशवीही ठेवलेली नसताना तिची वजन वाहण्याची क्षमता निम्म्यावर आलेली असू शकते.

उत्पादक प्रत्येक गाडीचं कमाल एकूण वजन ठरवून देतो. गाडी, माणसं, इंधन, सामान असं सगळं मिळून त्याच्या वर जायचं नाही. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतो तो पेलोड. समजा कमाल वजन 3,100 किलो आणि गाडी 2,200 किलोची, तर हातात राहिले 900 किलो. हे 900 किलो म्हणजे हौद्यात टाकायचा माल, असाच सर्रास समज असतो. प्रत्यक्षात आत बसणारी माणसं आणि कारखान्यातून बाहेर पडल्यावर गाडीला लावलेला प्रत्येक बोल्ट याच 900 मधून वजा होतो.

गाडीचं स्वतःचं वजन कसं मोजलं, हेही बघावं लागतं. युरोपच्या नियमात त्यात 75 किलोचा चालक आणि जवळपास भरलेली टाकी धरतात, तर ऑस्ट्रेलियात टेअर, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन काढताना टाकीत जेमतेम 10 लिटर इंधन धरतात. 80 लिटर डिझेलचं वजन 67 किलोच्या आसपास भरतं. त्यामुळे माहितीपत्रकातले दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याआधी त्यामागची पद्धत तपासलेली बरी.

आता आपल्या 900 किलोंचं काय होतं ते पाहू. मूळ बंपर काढून पोलादी बसवला की निव्वळ 45 किलो वाढतात, विंचचे 40. दारांखालचे संरक्षक पाइप 40, इंजिनाखालचं चिलखती पत्र्याचं कवच 35, कॅनॉपी 80. हौद्यातले खण आणि फ्रिजची सरकती चौकट 90, भरलेला फ्रिज 40, दुसरी बॅटरी 28. टपावरचं कॅरिअर 30, तंबू 65. पिण्याचं पाणी 60 लिटर, म्हणजे 60 किलो. जादा स्टेपनी 35, आणि गाडी अडकली तर लागणारे पट्टे, ते अडकवायच्या पोलादी कड्या म्हणजे शॅकल, जॅक मिळून 25. बेरीज 613 किलो. वस्तूगणिक वजन थोडं इकडेतिकडे होईल, पण आकडे याच घरातले असतात. आता चार माणसं बसवा, 75 किलोची एकेक. झाले 913. कपडे, धान्य, इंधनाचा कॅन यांपैकी काहीही अजून चढलेलं नाही आणि गाडी मर्यादेच्या 13 किलो पुढे गेली आहे.

खास ऑफ-रोडसाठी कारखान्यातूनच तयार होऊन येणाऱ्या गाडीचा पेलोड जास्त असेल, असं अनेकांना वाटतं. घडतं नेमकं उलटं. रॅम 1500 या अमेरिकन पिकअपच्या काही साध्या आवृत्त्या टनाच्या आसपास वजन घेतात, पण त्याच गाडीच्या टीआरएक्स या दांडग्या आवृत्तीचा पेलोड 1,310 पाउंड, म्हणजे सुमारे 594 किलो होता. खडकाळ जमिनीवर चाक खोलवर खाली-वर व्हावं म्हणून स्प्रिंग मऊ ठेवतात, आणि मऊ स्प्रिंग जास्त भाराखाली दबून बसतात. शिवाय मोठे टायर आणि जाड शॉक ॲब्सॉर्बर यांचं वजन वेगळंच.

वजन किती वाढलं इतकंच ते कुठे लटकवलं हेही महत्त्वाचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. शाळेत शिकलेली तरफ आठवा. बंपर आणि विंच पुढच्या चाकांच्याही पुढे असतात, म्हणून पुढचा ॲक्सल, म्हणजे पुढच्या दोन चाकांचा आस, टेकू बनतो. दोन ॲक्सलमधलं अंतर 3.2 मीटर आणि हे 85 किलो पुढच्या ॲक्सलच्या 0.9 मीटर पुढे धरले, तर पुढच्या ॲक्सलवर 85 नव्हे, 109 किलो येतात आणि मागचा 24 किलोंनी हलका होतो. मागे ट्रेलर जोडला की हाच खेळ उलटा चालतो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर टेकलेला असतो आणि तोही पेलोडमध्येच मोजायचा. 2,000 किलोच्या ट्रेलरचे 200 किलो मागच्या ॲक्सलच्या 1.25 मीटर मागे टेकले, तर त्या ॲक्सलवर 278 किलोंचा भार पडतो आणि पुढची चाकं 78 किलोंनी उचलली जातात. स्टिअरिंगची पकड आणि ब्रेकचा बराचसा जोर पुढच्या चाकांवर असताना हे घडतं. म्हणून एकूण वजनाइतकीच प्रत्येक ॲक्सलची वेगळी मर्यादाही पाळावी लागते. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा ॲक्सल मात्र मर्यादेबाहेर, असं सहज होतं.

टपावरचं वजन वेगळ्याच दिशेने घात करतं. 2,300 किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर असेल आणि दोन मीटर उंचीवर 100 किलो चढवले, तर तो पाचेक सेंटिमीटर वर सरकतो. कागदावर गाडी उलटण्याचा कोन दोन अंशांनी कमी होतो. प्रत्यक्षात स्प्रिंग एका बाजूला दबून गाडी आणखी कलते, म्हणून नुकसान त्याहून जास्त असतं. आडव्या उतारावर चालवणाऱ्याला दोन अंश म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. टपाची मर्यादाही दोन प्रकारची असते. उभ्या गाडीच्या टपावर तंबूत दोघं निवांत झोपू शकतात, पण चालत्या गाडीसाठीची मर्यादा पुष्कळ कमी असते, कारण प्रत्येक हिसक्यात तेच वजन जास्त जोराने टपावर आदळतं.

‘मग स्प्रिंग कडक टाकू,’ हा ठरलेला उपाय. कडक पाटे (मागच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) बसवले की बसलेली गाडी सरळ उभी राहते आणि प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. पण कमाल वजन काही एकट्या स्प्रिंगवर ठरत नाही. चासी (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा), ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, रिम, टायर, सगळ्यांचा विचार त्यामागे असतो. 3,100 ऐवजी 3,500 किलोची गाडी त्याच वेगातून थांबवताना ब्रेकना 13 टक्के जास्त उष्णता झेलावी लागते, पाटे कितीही कडक असोत.

पाट्यांच्या मदतीला बसवलेल्या हवेच्या पिशव्यांनी तर चासी वाकू शकते. पाटे आपला भार चासीला दोन टोकांना देतात. पिशवी मात्र या दोन टोकांच्या मध्ये, एकाच जागी चासीला वर ढकलते. मागे लांब लटकलेलं वजन खाली ओढत असतं, आणि खड्ड्यात चाक आदळलं की हे दोन्ही जोर एकदम वाढतात. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट खालच्यापेक्षा वर रुंद दिसू लागली, तर चासी वाकल्याची शंका घ्यायला हवी.

टायरचंही तसंच. टायरवर 116 हा भारांक असेल तर तो एक टायर 1,250 किलो पेलतो, पण ठरावीक हवेवर. वाळूत उतरताना हवा कमी करतात तेव्हा ही क्षमताही उतरते. जड गाडीखाली टायरच्या बाजू जास्त दुमडतात आणि तापतात, म्हणून वाळू संपली की वेग वाढवण्याआधी हवा भरायलाच हवी.

खरं वजन कळायला वजनकाट्याला पर्याय नाही. टाकी भरून, माणसं बसवून, नेहमीचं सगळं सामान चढवून गाडी काट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. आकडे मर्यादेच्या वर गेले तर आधी दुसरी स्टेपनी आणि पोलादी दोर यांकडे बघावं. विंचला सिंथेटिक दोर बसवला की बरेच किलो कमी होतात, आणि तेही गाडीच्या पार पुढच्या टोकावरचे. लिथियम बॅटरी शिशाच्या बॅटरीच्या निम्म्या वजनात किंवा त्याहून कमीत काम भागवते. एकूण वजन ठीक असून फक्त मागचा ॲक्सल जास्त भरत असेल, तर सामान पुढे सरकवूनही फरक पडतो. हौद्याच्या फाळक्याजवळ, ॲक्सलच्या 0.8 मीटर मागे ठेवलेली 60 लिटरची पाण्याची टाकी केबिनला टेकवून ॲक्सलच्या 0.6 मीटर पुढे आणली, तर एक लिटरही पाणी कमी न करता मागच्या ॲक्सलवरचे 26 किलो उतरतात.