अंक गेला, प्रत उरली: वैद्यकीय नियतकालिकांच्या पुनर्मुद्रणाची पार्श्वभूमी

१७३३ साली एडिंबरोत छापलेला वैद्यकीय निबंधांचा खंड आज उघडला, तर पान निमूट वळतं. १८८५ सालच्या एखाद्या वैद्यकीय साप्ताहिकाचं पान वळवायला जावं, तर कोपरा हातात येतो आणि टेबलावर तपकिरी भुगा पडतो. दीडशे वर्षांनी लहान असलेला कागद आधी म्हातारा झाला, कारण पहिला चिंध्यांच्या लगद्याचा होता आणि दुसऱ्यात लाकूड शिरलं होतं. शाई फुटू नये म्हणून कागदाला तुरटी आणि राळेची खळ देण्याची पद्धत इलिग या जर्मन कारागिरानं १८०७ मध्ये मांडली. १८४० च्या दशकात केलर या दुसऱ्या जर्मनानं लाकूड घासून लगदा करण्याचं तंत्र आणलं. कागद स्वस्त झाला, साप्ताहिकं परवडू लागली, पण त्या खळीतलं आम्ल धागे आतून खात राहिलं. आधुनिक वैद्यकाचा पाया रचणारे बरेचसे लेख नेमके याच कागदावर छापले गेले.

म्हणून जुन्या अंकांचं पुनर्मुद्रण म्हटलं की ते जतनासाठीच झालं असेल असं वाटतं. इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही. सुरुवातीला ती सरळ गरज होती आणि बऱ्याचदा धंदा.

फक्त वैद्यकाला वाहिलेलं पहिलं नियतकालिक म्हणून निकोला द ब्लेन्यी याच्या पॅरिसच्या मासिकाचं नाव घेतात. ते १६७९ मध्ये निघालं. हा गृहस्थ मोठा खटपट्या होता. पुढे त्याला तुरुंगवासही घडला. मासिक काही वर्षांतच बंद पाडण्यात आलं. पण तेवढ्यात जिनिव्हाच्या तेओफिल बोने या वैद्यानं त्याचा लॅटिन अवतार काढायला सुरुवात केली होती. फ्रेंच न कळणाऱ्या युरोपभरच्या वैद्यांनी तो मजकूर लॅटिनमधूनच वाचला. म्हणजे वैद्यकीय नियतकालिक जन्मलं आणि जवळजवळ त्याच वेळी त्याची दुसरी छपाईही सुरू झाली.

पुढच्या शतकात एडिंबरोच्या त्या खंडांच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या आणि भाषांतरंही झाली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेनं कमालच केली. १८९१ पर्यंत तिथं परदेशी लेखकांना कॉपीराइटचं संरक्षण नव्हतं. त्यामुळे टॉमस वेकलीनं १८२३ मध्ये लंडनला सुरू केलेल्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाची न्यूयॉर्कमध्ये खुशाल वेगळी छपाई होत असे. लीड्सचे ब्रेथवेट सहा महिन्यांच्या वैद्यकीय वाङ्मयाचा जो सारसंग्रह काढत, त्याचंही तेच झालं. आज याला चाचेगिरी म्हणू. पण एका मजकुराच्या प्रती दोन खंडांत विखुरल्या की एका आगीत किंवा एका बॉम्बहल्ल्यात सगळं जात नाही, हा फायदा त्यात आपोआप झाला.

या सगळ्यात मला सगळ्यांत बोलकं वाटतं ते ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकी डॉक्टरांच्या लेखाचं प्रकरण. बाळंतज्वर एका बाळंतिणीकडून दुसरीकडे डॉक्टरच्या आणि सुइणीच्या हातांनी जातो, हे त्यांनी १८४३ मध्ये पुराव्यांसह मांडलं. याच रोगासाठी सेमेलवाइस या डॉक्टरनं व्हिएन्नात हात धुण्याची सक्ती केली ती १८४७ मध्ये, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. होम्स यांचा लेख बोस्टनच्या एका नव्या त्रैमासिकात आला. ते त्रैमासिक वर्षभरातच बंद पडलं. वर्गणीदार मोजके, अंक थोडे. लेख तिथंच गाडला गेला असता. पण फिलाडेल्फियातल्या मेग्ज आणि हॉज या नामवंत प्रसूतितज्ज्ञांनी या मतावर टीकेची झोड उठवली. त्या सुमारास, १८५५ मध्ये, होम्स यांनी जुना लेख नवी प्रस्तावना जोडून पुस्तिकेच्या रूपानं पुन्हा छापला. लेखाच्या मजकुराला त्यांनी हात लावला नाही. हा लेख पुढे ज्यांनी वाचला त्यांतल्या बहुतेकांच्या हाती मूळ अंक आलाच नसणार, पुस्तिका आली असणार. आणि ती निघाली ती भांडणापायी!

जुन्या अंकांना खरी मागणी आली ती सूचींमुळे. वॉशिंग्टनला लष्कराच्या सर्जन जनरलच्या ग्रंथालयात जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ हा वैद्यकीय लेखांचा सूचिग्रंथ सुरू केला आणि १८८० पासून त्या संग्रहाची प्रचंड सूची खंडाखंडानं काढली. लेख आहे हे आता दूरच्या डॉक्टरलाही कळू लागलं. मात्र त्याच्या ग्रंथालयात तो अंक नसे.

ती मागणी भागवायला तंत्र मिळालं ते विसाव्या शतकात. तोवर पुनर्मुद्रण म्हणजे छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, पुन्हा जुळवणं. मात्रांच्या कोष्टकात एक दशांशचिन्ह सरकलं की संपलं. फोटो-ऑफसेटमध्ये पानाचा फोटो घेऊन त्यावरून छपाईची प्लेट करता येऊ लागली. नवी चूक शिरायला वाव नाही, आणि काही शे प्रतींची आवृत्तीही परवडते. दुसऱ्या महायुद्धात याचा मोठा प्रयोग झाला. जर्मनीतून येणारी वैज्ञानिक नियतकालिकं अमेरिकी ग्रंथालयांना मिळेनाशी झाली, तेव्हा शत्रूची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या सरकारी कार्यालयानं त्यांचे हक्कही ताब्यात घेतले. हाती लागलेल्या अंकांवरून मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एडवर्ड्स ब्रदर्स या मुद्रकांनी हुबेहूब प्रती काढल्या.

युद्धानंतर हा व्यवसाय जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांनी उचलला. हान्स पेटर क्राउस हा व्हिएन्नाचा पुस्तकविक्रेता. नाझी छळछावणीतून सुटून तो १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. वॉल्टर जॉन्सनही जर्मनीतून आलेला. दोघांच्याही पुनर्मुद्रण कंपन्या निघाल्या. कुठल्या नियतकालिकाचा कुठला खंड बाजारात मिळतच नाही, हे अशा लोकांना तोंडपाठ असे; कंपनीचं खरं भांडवल तेच. १९६० च्या दशकात अमेरिकेत नवी विद्यापीठं उभी राहत होती, त्यांना रिकामी कपाटं भरायची होती. त्या काळातल्या कितीतरी जाड खंडांच्या शीर्षकपानावर ‘नेंडेल्न, लिकटेनस्टाइन’ असं दिसतं. ते क्राउसच्या कंपनीचं ठिकाण.

अशा खंडात बारकाईनं पाहिलं की त्याची जन्मकथा कळते. मधल्याच एका पानावर भलत्याच ग्रंथालयाचा पुसट शिक्का उमटलेला असतो: मूळ संचातलं पान फाटलेलं होतं, म्हणून दुसरीकडून आणलं. समासातल्या कुणाच्या पेन्सिलीच्या रेघाही छापून आलेल्या असतात. रंगीत शिळाछाप चित्रं काळी-पांढरी होतात. त्वचारोगाच्या चित्रात लाली हीच खूण असते, आणि नेमकी तीच जाते. क्ष-किरण चित्रांचे तर बऱ्याचदा नुसते काळे चौकोन उरतात.

आणखी एक नुकसान पुनर्मुद्रणाच्याही आधीचं आहे. वर्ष संपलं की ग्रंथालयं सुटे अंक बाइंडिंगला देत. तेव्हा वेष्टणं आणि जाहिरातींची पानं काढून टाकण्याची सर्रास रीत होती. त्यांना वेगळे पृष्ठक्रमांक असत, त्यामुळे ती गेली तरी लेखांचा क्रम बिघडत नसे. बलवर्धक औषधं, कृत्रिम पाय, शस्त्रक्रियेची हत्यारं, डॉक्टरांच्या रिकाम्या जागा हे सगळं कचऱ्यात गेलं. पुनर्मुद्रणासाठी कॅमेऱ्यासमोर आले ते असे सोललेले खंड. त्या काळी डॉक्टर नेमकं काय विकत घेत होता, हे शोधणाऱ्याला न बांधलेला सुटा अंकच गाठावा लागतो, आणि तो फार दुर्मीळ.

नव्या छपाईच्या कागदाबाबत तरी शहाणपण आलं. १९९४ मध्ये टिकाऊ कागदाचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. त्यानुसार कागद आम्लधर्मी नसावा आणि पुढे तयार होणारं आम्ल मारायला त्यात कॅल्शियम कार्बोनेटसारख्या क्षाराचा साठा असावा.

डिजिटल काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं २००० मध्ये ‘पबमेड सेंट्रल’ हे वैद्यकीय लेखांचं मोफत ऑनलाइन भांडार सुरू केलं आणि नंतर ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या मदतीनं जुने अंक स्कॅन करायला घेतले. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’चे १८४० पासूनचे अंक आता घरबसल्या फुकट वाचता येतात. दुसरीकडे, अशाच स्कॅनवरून मागणीप्रमाणे एकेक प्रत छापून विकणारेही झाले. त्यात कधी पानाच्या कडेला स्कॅन करणाऱ्याचं बोट दिसतं. आणि मूळ खंडात शरीररचनेची मोठी आकृती घडी घालून चिकटवलेली असेल, तर घाईत ती कुणी उलगडलेली नसते. छापील प्रतीत त्या जागी घडीची मागची कोरी बाजू येते, तिच्यावर आतल्या रेषांची पुसट सावली.