वसईच्या तटाआड: वसलेल्या आणि ओस पडलेल्या शहराची पार्श्वभूमी

राजगड-रायगड पाहून तयार झालेली नजर वसईच्या किल्ल्यात थोडी हिरमुसते. चढ नाही, माची नाही, खडकात खोदलेली टाकी नाहीत. डांबरी रस्ता सरळ तटातून आत शिरतो आणि खाडीच्या धक्क्याकडे निघून जातो. दोन्ही बाजूंना झाडी, ताडमाड, आणि मधूनच छप्पर उडालेली एखादी उंचच उंच कमान. लष्करी ठाणे म्हणून वसई पाहायला गेले की ती अर्धीच दिसते. कारण या तटाच्या आत फौज कमी आणि शहर जास्त होते. कचेऱ्या, इस्पितळ, तुरुंग, मठ, विद्यालय, बाजार, सरदारांची दुमजली घरे, सगळे साधारण साडेचार किलोमीटर घेराच्या भिंतीत. १७३९ च्या मराठी विजयाची गोष्ट आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण विजयानंतर इतके बांधीव शहर कोणी वापरले का नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

जागेची निवड पोर्तुगीजांची नव्हे. उत्तरेला काही मैलांवरचे सोपारा हे सम्राट अशोकाच्या काळापासूनचे बंदर. उल्हास नदीच्या मुखाशी असलेली वसई त्याच किनारपट्टीच्या व्यापाराची वारस. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ती गुजरातच्या सुलतानाकडे होती आणि त्याचा सरदार मलिक तुघान याने इथे तटबंदीही उभारली होती. गोव्याचा गव्हर्नर नुनो द कुन्हा याने १५३३ मध्ये ती फोडली. पुढच्याच वर्षी सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने कोंडीत सापडला आणि २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. करारावर सही झाली ती एका गलबतावर. या मुलखात साष्टी बेट होते, आणि तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नसलेले मुंबई बेटही होते. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईला येऊन परवाना घ्यावा आणि परतताना इथेच जकात भरावी, असेही त्यात ठरले. शहराच्या पुढच्या श्रीमंतीचे मूळ या कलमात आहे. बहादूरशहाला मात्र ही दोस्ती पचली नाही. १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला.

१५३६ मध्ये पायाभरणी झाली. आधी लहान गढी उभी राहिली, तोच आजचा बालेकिल्ला. बाहेरचा मोठा तट आणि त्याचे दहा-अकरा बुरूज नंतरचे, सोळाव्या शतकाच्या अखेरीकडचे. बुरूज गोल नाहीत, बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले कोनी आहेत. आपल्या डोंगरी किल्ल्यांच्या गोल बुरुजांशी ताडून पाहिले की फरक लगेच लक्षात येतो. तोफांच्या काळात युरोपात निघालेली ही पद्धत. एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्यापर्यंत मारा करता यावा, शत्रूला भिंतीला चिकटून बसायला जागाच उरू नये, हा हेतू. तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल असल्याने जमिनीकडून खरा धोका होता तो फक्त उत्तरेकडच्या वाळूच्या पट्ट्यातून. शहराला मुख्य दरवाजे दोन, एक जमिनीकडे, दुसरा समुद्राकडे.

दमण, दीव, चौल, साष्टी या सगळ्या उत्तर फिरंगाणाचा कारभार इथून चाले. 'उत्तरेचा जनरल' इथे राहत असे. गावेच्या गावे पोर्तुगीज खानदानांना खंडाने दिलेली होती. मुंबई बेटसुद्धा १५५४ च्या सुमारास गार्सिया द ओर्ता या वैद्याला असेच मिळाले होते. भात, ऊस, मीठ, मासळी, डोंगरातले इमारती लाकूड आणि इथला घडीव दगड हा सगळा माल या बंदरातून जाई. पैसा आला तसे धर्मसंघही आले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, प्रत्येकाचे वेगळे चर्च आणि वेगळा मठ. सेंट जोसेफ हे मुख्य चर्च १५४६ चे, १६०१ मध्ये वाढवलेले. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत पोर्तुगीज घराण्यांच्या कोरीव शिळा आजही आहेत. कोणाच्या थडग्यावर आपण उभे आहोत हे पायाखाली वाचता येते. वसईतच जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानला गेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संतपदाला पोहोचला.

या वैभवाची दुसरी बाजू तटाबाहेरच्या गावांनी सोसली. देवळे पाडली गेली, उघडपणे धार्मिक विधी करायला बंदी आली, जमिनी हातच्या गेल्या. पुढे मराठ्यांना इथे बोलावले गेले ते याच खदखदीतून.

शहराला उतरती कळा मात्र मराठे येण्याच्या किती तरी आधी लागली होती. १६१८ च्या मे महिन्यात मोठे वादळ झाले. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली आणि १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबाही गेला. खाडीपलीकडचे ते दुर्लक्षित बेट आता वसईचा प्रतिस्पर्धी झाले. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी उतरून तटाबाहेरची चर्चे लुटली, तेव्हा आतली शिबंदी भिंतीआडून बघत राहिली. १६९५ मध्ये आलेल्या जेमेली करेरी या इटालियन प्रवाशाला शहराचा उत्तरेकडचा साधारण तिसरा हिस्सा साथीमुळे ओस पडलेला दिसला. म्हणजे चिमाजी अप्पांनी वेढा घातला त्याच्या चाळीसेक वर्षे आधीच तटातले शहर त्या तटाला अपुरे पडू लागले होते.

अंजूरच्या नाईकांनी, त्यातही गंगाजी नाईकांनी, पेशव्यांकडे हेलपाटे घालून मोहिमेची निकड पटवली. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. साष्टी हातात आली, वसई राहिली. पुढची दोन वर्षे किनाऱ्यावरची एकेक ठाणी पाडण्यात गेली. तारापूर घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले. १७ फेब्रुवारी १७३९ पासून वसईला निकराचा वेढा सुरू झाला. मानाजी आंग्र्यांचे आरमार समुद्राकडून, मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे जमिनीवर. त्याच महिन्यांत नादिरशहा दिल्लीत होता. बाजीरावांना उत्तरेत फौज हवी होती आणि ती वसईच्या वाळूत अडकून पडली होती. अप्पांवर केवढा दबाव असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

'माझे डोके तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाका' ही अप्पांची उक्ती सगळ्यांना पाठ असते. ती खरी असो वा दंतकथा, किल्ला पडला तो सुरुंगांनी. वाळूत मोर्चे पुढे सरकवत, चर खणत, उत्तरेकडच्या बुरुजांखाली सुरुंग नेले गेले. ते सगळे वेळेवर उडाले नाहीत. काही मागाहून फुटले आणि चढून गेलेले मराठेच त्यात गाडले गेले. सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडले, तिथे मारामारी झाली. पोर्तुगीज सेनापती मार्टिन्हो द सिल्व्हेरा आधीच ठार झाला होता. उरलेल्यांच्या वतीने काएतानो द सौझा पेरेराने तह केला. मराठ्यांची माणसे हजारोंनी कामी आली.

तारखांचा घोळ इथे नेहमी होतो. काही पुस्तके ५ मे ला तह आणि १२ मे ला ताबा सांगतात, काही १६ आणि २३ मे. दोन्ही बरोबर आहेत. पहिली जोडी जुन्या युरोपीय पंचांगाची, दुसरी नव्याची, मधला फरक अकरा दिवसांचा.

तहाच्या अटी उदार होत्या. फौजेला हत्यारे, निशाण आणि वाजंत्र्यासह बाहेर पडू दिले. कुटुंबांना चीजवस्तू नेता आली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्माला धक्का लागणार नव्हता. आज वसईच्या गावागावांत नांदणारा ख्रिस्ती समाज पाहताना या अटी आठवाव्यात. चर्चमधल्या मोठ्या घंटा मात्र लुटीबरोबर देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरची घंटा याच मोहिमेतल्या म्हणून ओळखल्या जातात. अप्पांनी नवस केलेल्या वज्रेश्वरीचे देऊळही विजयानंतरच बांधले गेले, आणि त्यालाही किल्ल्यासारखा तट आहे.

मुंबईकर इंग्रज या सगळ्यात हुशारीने वागले. वेढ्यात सापडलेल्या पोर्तुगीजांना त्यांनी कर्ज दिले ते चर्चची चांदी आणि तोफा गहाण ठेवून. वसई पडताच त्यांनी मराठ्यांशी तह केला, आणि भीतीपोटी मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणला. व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३०,००० रुपये दिले.

मराठ्यांनी गावाचे नाव बाजीपूर ठेवले, इथे सरसुभ्याचे ठाणे केले, आत देवळे उभी राहिली. पण मोठमोठे मठ आणि सरदारांची घरे ज्या समाजासाठी बांधली होती तो समाज जहाजांत बसून निघून गेला होता. व्यापार मुंबईकडे वळला होता, राजधानी घाटावर पुण्यात होती. वसई आता एक सीमेवरचे ठाणे होते, आणि ठाण्याला शहर लागत नाही. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने ते जिंकले, सालबाईच्या तहाने ते परत मिळाले. मग आला १८०२. हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी धूळ चारल्यावर दुसरे बाजीराव पळत वसईला, इंग्रजांच्या आश्रयाला आले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी तह लिहून दिला. ६,००० इंग्रजी पायदळ आणि त्याच्या खर्चापोटी वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख. ज्या गावासाठी अप्पांनी हजारो माणसे खर्ची घातली, तिथेच त्यांच्या नातवाच्या पिढीत मराठी राज्याचे स्वातंत्र्य गहाण पडले. दुसरे बाजीराव हे बाजीरावांचेच नातू. किल्ल्यात चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. या दुसऱ्या वसईची आठवण मात्र कोणी काढत नाही.

इंग्रजांना हा तट कशालाच नको होता. एकोणिसाव्या शतकात आतल्या जमिनीवर ऊस लावला गेला, साखरेचा कारखानाही चालला. १८६४ मध्ये मुंबईपर्यंत आलेली रेल्वे किल्ल्यापासून सात-आठ किलोमीटर दूरून गेली आणि नवे गाव स्थानकाच्या आसपास वाढले. तटाला खेटून राहिली ती कोळ्यांची किल्लाबंदर आणि पाचूबंदर ही गावे. मासळी बंदराच्या आधीपासून होती आणि नंतरही आहे. तिला गव्हर्नर लागला नाही.

आता पाहायला जाणाऱ्याने शक्यतो हिवाळ्याच्या अखेरीस जावे, पावसाळ्यानंतर काही महिने गवत बुरुजांचे कोन पूर्ण झाकून टाकते. वसई रोड स्थानकाहून रस्त्याने या किंवा भाईंदरहून रो-रो बोटीने. बोटीने आल्यास किल्ला समोरून दिसतो, गलबतावरच्या माणसाला दिसावा तसा. चर्चे पाहून बहुतेक लोक परततात. थोडा वेळ राखून उत्तरेकडच्या तटाच्या बाहेरच्या अंगाने चालून यावे. वेढा समजून घ्यायचा तर तो त्याच वाळूच्या पट्ट्यावरून समजतो.