एन्ट्रॉपी म्हणजे पसारा? नावात तर तसं काहीच नाहीये

एन्ट्रॉपी (उष्णतेच्या शास्त्रातली एक मोजता येणारी राशी) म्हटलं की कोणीतरी लगेच "म्हणजे पसारा, अव्यवस्था" असं सांगून मोकळं होतं आणि मला ते खरंच खटकतं, कारण ज्याने हा शब्द घडवला त्याच्या डोक्यात पसारा नव्हताच.

तो म्हणजे जर्मन फिजिसिस्ट रुडॉल्फ क्लॉसियस. 1854 पासून तो उष्णतेच्या रूपांतराचा हिशोब मांडत होता, राशी सापडली होती पण सुटसुटीत नाव नव्हतं. 1865 मध्ये त्याने ग्रीकमधला 'ट्रोपे' घेतला, म्हणजे वळणं, पालटणं, आणि आधी 'एन' जोडला तो मुद्दाम, एनर्जीशी जुळावा म्हणून, कारण त्याच्या मते दोन्ही राशी एकमेकींच्या अगदी जवळच्या. (एनर्जीतलं 'एर्गॉन' म्हणजे काम, आणि इंग्लिशमधला वर्क त्याच मुळातून आलाय.) प्राचीन भाषेतला शब्द घेतला की सगळ्या भाषांत तो तसाच चालेल, हाही विचार होता.

ट्रोपेचं गोत भारी आहे. ट्रॉपिक म्हणजे सूर्य जिथून माघारी वळतो ते वृत्त. ट्रॉफीसुद्धा त्यातलीच, शत्रू जिथे पाठ फिरवून पळाला तिथे ग्रीक सैनिक विजयचिन्ह उभारायचे, ते 'ट्रोपायन'.

आता हे 'पालटणं' आकड्यात बघा. समजा 400 केल्व्हिनच्या वस्तूतून 1000 ज्यूल उष्णता 300 केल्व्हिनच्या वस्तूत गेली, आणि दोन्ही इतक्या मोठ्या की तापमान हलत नाही. एनर्जीचा हिशोब चोख, गेली तेवढी आली. पण क्लॉसियस म्हणतो उष्णतेला तापमानाने भागा: एकीकडून गेले 2.5, दुसरीकडे आले 3.33. हा भागाकार म्हणजेच एन्ट्रॉपीतला बदल, म्हणजे एकूण एन्ट्रॉपीत 0.83 ची वाढ झाली. उलट्या दिशेने तेवढीच घट होईल, आणि एकूण एन्ट्रॉपी आपोआप कधी घटत नाही, म्हणून थंड वस्तूतून गरम वस्तूत उष्णता आपोआप जात नाही. इथे कुठे पसारा आलाय का?

शब्द मात्र लगेच रुळला नाही. स्कॉटलंडचा फिजिसिस्ट पीटर टेट याने 1868 मध्ये तो चक्क उलट्या अर्थाने वापरला, कामाला येऊ शकणाऱ्या एनर्जीसाठी, आणि मॅक्सवेलसारखा मोठा फिजिसिस्टही आपल्या उष्णतेवरच्या पुस्तकात आधी टेटच्याच मागे गेला, पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीत त्याने ते दुरुस्त केलं.

पसाऱ्याची कल्पना चिकटली ती ऑस्ट्रियन फिजिसिस्ट लुडविग बोल्ट्झमननंतर. 1877 मध्ये त्याने मोजलं ते हे, की बाहेरून सारखीच दिसणारी अवस्था आतल्या अणूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांनी तयार होऊ शकते, मांडण्या जास्त तर एन्ट्रॉपी जास्त. खरं तर ही निव्वळ मोजणी आहे, पण सोपं करून सांगताना लोकांनी तिचा पसारा केला.