स्वीट कॉर्नची रोपं कधी लावायची? मातीखालच्या शेंड्याला विचारा

रोप जितकं मोठं करून लावाल तितकं कणीस लवकर हाती येईल, हा समज टोमॅटो-मिरचीच्या अनुभवातून आला आहे. तिथे तो बराचसा खराही ठरतो. ट्रेमध्ये महिना-दीड महिना काढलेली मिरची जमिनीत गेली की लवकरच सावरते. स्वीट कॉर्नला तोच न्याय लावला की कमरेएवढी झाडं, त्यांवर घाईघाईने आलेले तुरे आणि बोटभर कणसं पदरात पडतात. मग बियाण्याला दोष दिला जातो. चूक बहुतेकदा लावणीच्या वेळेत असते, आणि ती समजायला मक्याचा शेंडा नेमका कुठे असतो ते पाहावं लागतं.

चार-पाच पानांचं एक रोप उपटा, माती धुऊन टाका आणि धारदार ब्लेडने उभं चिरा. बाहेरून खोड वाटतं ती निव्वळ पानांच्या तळांची एकात एक बसलेली सुरळी निघते. खरं खोड अगदी बुडाशी, मुळं फुटतात तिथे, जेमतेम नखाएवढं असतं. त्याच्या टोकावर भिंगातून एक पांढुरका, चमकदार उंचवटा दिसतो. तोच वाढबिंदू. झाडाचं प्रत्येक पान तिथेच घडतं, शेवटी तुराही तिथेच. साधारण सहा पानं पूर्ण उलगडेपर्यंत हा वाढबिंदू जमिनीखालीच राहतो.

तो तिथे पोचतो कसा, हा मला मक्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. दाणा चार सेंटिमीटर खोल पेरा किंवा सात, वाढबिंदू पृष्ठभागाखाली साधारण दोन सेंटिमीटरवरच येऊन थांबतो. दाणा आणि कोंब यांच्यामध्ये मेसोकोटाइल नावाची पांढरी नळी असते. अंधारात ती लांबत जाते आणि वाढबिंदूला वर ढकलत राहते. कोंबावरच्या टोपणाचं टोक मातीबाहेर आलं, की त्यातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य लाल प्रकाश टिपतं, टोकाकडून खाली उतरणारं ऑक्सिन हे संप्रेरक घटतं आणि मेसोकोटाइलची वाढ थांबते. मोजपट्टीशिवाय खोली मोजली जाते. पुढची कायमची मुळं याच ठिकाणाहून फुटतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, नवीन पान किती दिवसांनी येणार हे वाढबिंदूच्या तापमानावर ठरतं, आणि तो मातीत असल्यामुळे या काळात हवेपेक्षा मातीचं तापमान महत्त्वाचं. १० अंश सेल्सिअसच्या खाली मका जवळजवळ थबकतो. दुपारी ऊन छान पडलं तरी माती गार असेल तर रोप नुसतं उभं राहतं. हलक्या दहिवराने (गोठलेल्या दवाने) पानं करपली तरी मातीखालचा वाढबिंदू वाचतो आणि पोंग्यातून नवं पान निघतं. ट्रेमधल्या रोपाला मात्र हे संरक्षण मिळत नाही, कारण कप्प्यातली मूठभर माती रात्रीच्या हवेइतकीच थंड होते.

दुसरी गोष्ट लावणीच्या वयाची. पहिली पाच-सहा पानं दाण्यातल्या गर्भातच आखून तयार असतात. पुढची पानं वाढबिंदू एकेक करून घडवतो, आणि बाहेर पाच-सहा पानं दिसत असतानाच तो पानं घडवणं थांबवून तुऱ्याच्या कामाला लागतो. म्हणजे झाडाला एकूण पानं किती, हे तेवढ्यात ठरून जातं. कणसांचे अंकुरही याच सुमाराला धरतात. हा निर्णायक काळ मुळं गुंडाळलेल्या कप्प्यात गेला, तर पुढे कितीही खत घातलं तरी झालेली हानी पूर्ण भरून येत नाही. म्हणून दोन-तीन पानांवर, पेरणीपासून दोन ते तीन आठवड्यांत रोप जमिनीत गेलं पाहिजे. माती तोपर्यंत तापणार नसेल तर ट्रे भरायची घाईच करू नये.

वाणागणिक फरक पडतो. साध्या गोड वाणांत 'शुगरी' हे जनुक असतं. १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉघनन यांनी 'श्रंकन-२' या जनुकाच्या गोडीकडे लक्ष वेधलं आणि त्यातून सुपरस्वीट वाण आले. या जनुकात स्टार्च बनवणाऱ्या एन्झाइमचा एक घटक बिघडलेला असतो, त्यामुळे साखर साखरच राहते आणि वाळलेला दाणा सुरकुततो. कोंबाची शिदोरी तिथेच कमी पडते. शिवाय कोरडा दाणा पहिल्या काही तासांत गार पाणी शोषतो तेव्हा पेशींची पटलं नीट जुळण्याआधीच ताठरतात, त्यांतून साखर झिरपते आणि पिथियमसारख्या रोगकारकांचं फावतं. दाणे कुजतात ते यामुळे. म्हणून पेरणी २५ अंशांच्या आसपासच्या उबेत, खोल कप्प्यात, अडीच सेंटिमीटरवर करावी.

रोपं बाहेर नेल्यावर पिवळट पडली तर लगेच नत्र ओतू नये; कारण बहुतेकदा थंडी असते. मका सी-४ पद्धतीने, म्हणजे हवेतला कार्बन आधी चार-कार्बनी संयुगात बांधून, प्रकाशसंश्लेषण करतो. त्यातलं पायरुव्हेट फॉस्फेट डायकायनेज हे चार तुकड्यांचं एन्झाइम थंडीत विलग होऊन निष्क्रिय होतं, तर १५ अंशांखाली उलगडलेल्या पानांत हरितलवकंच (पानाला हिरवेपणा देणारे पेशीतले कण) नीट घडत नाहीत. वर कडक ऊन असेल तर न वापरलेला प्रकाश पानालाच इजा करतो.

चंद्राच्या कला पाहून पेरणीचा दिवस काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की पौर्णिमेने माती तापत नाही. बाटलीतलं 'वाढवर्धक' टॉनिकही ती तापवत नाही. एक साधा थर्मामीटर सकाळी पाच सेंटिमीटर खोल खुपसा. सलग काही दिवस साध्या वाणांसाठी १३ आणि सुपरस्वीटसाठी १६ अंशांच्या आसपास आकडा दिसला, दहिवराची भीती सरली आणि मातीला वाफसा आला, की लावा. त्याआधी आठवडाभर रोपं दिवसा बाहेर, रात्री आत ठेवून काटक करून घ्या. काढताना मुळांभोवतीचा गोळा फुटू देऊ नका आणि लावल्यावर त्यावर बोटभर माती ओढा. गोळा उघडा राहिला तर तो आधी सुकतो आणि नुकती फुटणारी कायमची मुळं कोरड्यात अडकतात. परागण वाऱ्यावर होतं, त्यामुळे एका लांब ओळीऐवजी चार आखूड ओळींचा चौकोन करा. सुपरस्वीट लावला असेल तर त्याच वेळी फुलोऱ्यात येणारा साधा मका शेजारी नको. त्याचा पराग पडला की त्याच दाण्यात स्टार्च भरू लागतो.