गच्चीवरची वीज परवडायला लागली, त्यामागची गोष्ट

महाराष्ट्रात कित्येक वर्षं ‘आम्ही सोलर बसवलंय’ याचा अर्थ एकच होता: गच्चीवर पाणी तापवणारी टाकी. त्याआधी, १९८० च्या दशकात, आरशाचं झाकण असलेली सूर्यचुलीची पेटी सरकारी अनुदानातून घरांत आली होती. वरण-भात तीत छान शिजायचा, पण सकाळी डबा करून बाहेर पडणाऱ्या घराला तिचा उपयोग बेताचाच. या दोन्हींत उन्हाची उष्णता वापरली जायची, वीज कुठेच नव्हती. उन्हापासून वीज करणं ही साध्या घराच्या आवाक्यातली गोष्टच नव्हती.

तंत्र तसं जुनं आहे. सिलिकॉनचा कामाचा सौरघट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ साली दाखवला. पडलेल्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्क्यांची वीज व्हायची आणि किंमत एवढी, की पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते अवकाशात. उपग्रहाला तार जोडता येत नाही, म्हणून तिथे खर्चाचा विचार झाला नाही. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ साली पहिला सौरघट आणि पुढच्या वर्षी पहिलं पॅनेल तयार केलं. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचं स्वतंत्र खातं निघालं, तर १९८५ मध्ये राज्यात त्याच कामासाठी महाऊर्जा ही सरकारी संस्था स्थापन झाली.

पुढची अनेक वर्षं अडत होतं ते पॅनेलपेक्षा बॅटरीपाशी. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं. लेड-ॲसिड बॅटरीला वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घालूनही ती तीन ते पाच वर्षांत बसते, आणि नवी घ्यायची तर पुन्हा हजारो रुपये. खेडोपाडी वर धडधाकट पॅनेल आणि खाली विझलेला दिवा असे खांब ज्यांनी पाहिलेत, त्यांचा सौरऊर्जेवरचा विश्वास का उडाला हे वेगळं सांगायला नको. तो अविश्वास चुकीचा नव्हता.

त्या काळात गरिबांच्या घरासाठी खरा विचार केला तो हरीश हांडे यांनी. १९९५ साली बेंगळुरूत सेल्को ही सौरदिव्यांची कंपनी सुरू करताना त्यांचं म्हणणं होतं, की गरिबाला सौरदिवा महाग नसतो, एकदम पैसे भरणं महाग असतं. म्हणून ग्रामीण बँकांना कर्जासाठी तयार करायचं आणि हप्ता कमाईच्या चालीने बांधायचा. २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या मते आजच्या योजनांचं बीज तिथेच आहे.

किंमत कोसळली ती मात्र आपल्यामुळे नाही. जर्मनीने २००० साली कायदा करून छतावरच्या विजेला वीस वर्षांचा ठरलेला दर दिला. मागणी उसळली, ती पुरवायला चीनमध्ये प्रचंड कारखाने उभे राहिले आणि २०१० ते २०२० या दशकात पॅनेलचे भाव सुमारे ९० टक्क्यांनी उतरले.

तरी स्वस्त पॅनेल एकट्याने पुरलं नसतं. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले आणि मधली बॅटरी निघून गेली. दुपारी घरात कोणी नसताना तयार झालेली वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री हवी तेवढी परत येते आणि बिल फरकाचं येतं. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात धरली जातात. साठवणुकीचं काम जणू तारेनेच अंगावर घेतलं. एक गोष्ट विकणारे नीट सांगत नाहीत, म्हणून इथे सांगतो: वीज गेली की ही यंत्रणाही बंद पडते. तारेत उलटी वीज जाऊन खांबावरच्या लाइनमनचा जीव जाऊ नये, म्हणून ती तशीच बनवलेली असते. लोडशेडिंगवर उपाय म्हणून ती घेतली तर निराशाच होणार.

मग पहिल्यांदा कोणी बसवली? ज्यांना तीनशे-चारशे युनिट लागतात अशा बंगलेवाल्यांनी. आपल्याकडे युनिटचा दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे जास्त वापरणाऱ्याची बचत मोठी आणि पैसे लवकर वसूल. साठ युनिटवर भागवणाऱ्या घराची बचत मुळातच थोडी, आणि त्यासाठी पन्नास हजार आणायचे कुठून? केंद्राने २०१५ मध्ये छतांसाठी ४० हजार मेगावॉटचं लक्ष्य ठेवलं, मुदत २०२२ ची. त्याच्या निम्म्यापर्यंतही मजल गेली नाही. २०१९ पासून तीन किलोवॉटपर्यंत ४० टक्के अनुदान होतं, पण सुरुवातीला वीज कंपनीने निवडलेल्या ठेकेदारांमार्फतच काम करून घ्यावं लागायचं. ग्राहकाने स्वतः अर्ज करायचं राष्ट्रीय पोर्टल आलं ते जुलै २०२२ मध्ये.

फेब्रुवारी २०२४ ची पीएम सूर्यघर योजना एक कोटी घरांसाठी आहे, तरतूद ७५,०२१ कोटींची. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये थेट ग्राहकाच्या खात्यात. एक किलोवॉटला सावली न पडणारी साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट मिळतात. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने घराघरावर पॅनेल बसवून राज्यातलं पहिलं सौरग्राम होण्याचा मान २०२४ मध्येच मिळवला.

शंभर युनिटच्या आतल्या घरांकडे राज्याने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ योजनेतून स्वतंत्रपणे पाहिलं. पाच लाख घरं, ६५५ कोटी रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एक किलोवॉटसाठी केंद्राचे ३० हजार आणि राज्याचे साडेसतरा हजार मिळून, पन्नास हजारांच्या यंत्रणेला घरचे फक्त अडीच हजार घालावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी हा वाटा पाच हजार, इतरांसाठी दहा हजार.

हिशेब इथे जुळतो, पण छत प्रत्येकाचं नसतं. भाड्याच्या खोलीत राहणारा पॅनेल कुठे लावणार? जुन्या, गंजलेल्या पत्र्यावर सांगाडा ठोकता येत नाही. आणि शहरातल्या सोसायटीत गच्ची सगळ्यांची, म्हणजे एका बिऱ्हाडाची नाही. तिथे सध्या लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी किलोवॉटमागे १८ हजारांचं अनुदान मिळतं, वरच्या मजल्यावरच्या घरातलं बिल मात्र तसंच येत राहतं.